कंपवात, ‘म्हातारचळ’ आणि मौनाची किंमत

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचेही नाव होते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार लोकसंख्या. आणि तिच्यातील शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी माणसे खेड्यांत राहणारी. वैद्यकीय महाविद्यालय आले म्हणजे खाटा वाढतात, तज्ज्ञ येतात, शस्त्रक्रियेसाठी नांदेडची वाट धरणाऱ्यांची संख्या हळूहळू घटते. पण त्याबरोबरच आणखी एक कार्य सुरू व्हावयास हवे. कोणत्या दुखण्याला दुखणे म्हणावयाचे आणि कोणते वय, नशीब वा स्वभाव म्हणून सोडून द्यावयाचे, याची समाजात एक विभागणी रूढ झालेली असते. ती तपासून पाहण्याचे हे कार्य होय. या विभागणीत जे प्रश्न पूर्णपणे अंधारात राहिले, त्यांपैकी एक म्हणजे कंपवाताच्या रुग्णांच्या कामजीवनाचा प्रश्न.

विषयाचा नुसता उल्लेख झाला तरी अनेकांना संकोच वाटेल. साठी उलटलेला, हात थरथरणारा माणूस आणि कामजीवन या दोन गोष्टी एका वाक्यात आणणेच अप्रशस्त, असे मानणाऱ्यांची संख्या लहान नाही. पण संकोच हा काही उपचार नव्हे. त्या संकोचाची किंमत कोणीतरी मोजत असतेच. ती कोण मोजते, कशी मोजते आणि ती मोजण्याची गरज आहे काय, हा येथील विचाराचा विषय आहे.

केवळ थरथर नव्हे

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले आणि पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे आयुर्वेदाने त्याच्याशी मिळत्याजुळत्या लक्षणांना कंपवात म्हटले. मेंदूच्या खोल भागातील काळसर पेशींचा एक समूह डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतो. शरीराच्या हालचाली सुरळीत होण्यासाठी हे द्रव्य आवश्यक असते. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या म्हणजे हात थरथरतो, स्नायू ताठर होतात, पाऊल अडखळते, अक्षर बारीक होत जाते आणि चेहऱ्यावरचे भाव मावळतात. दुखणे बाहेरून दिसू लागते तोपर्यंत या पेशींचा मोठा भाग निकामी झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात या रोगाचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते, आणि आधीच्या पंचवीस वर्षांत ही संख्या दुपटीने वाढली होती. भारतातील रुग्णांची संख्या २०१६ साली सुमारे ५ लाख ८० हजार असावी, असा एक अंदाज आहे. तेच प्रमाण ढोबळपणे हिंगोली जिल्ह्याला लावले तर पाचशेच्या आसपास रुग्ण निघतात. हे केवळ अंकगणित झाले. घरोघर जाऊन केलेली मोजणी नव्हे. मुंबईच्या पारशी वसाहतींत अशी मोजणी झाली होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत लाखामागे ३२८ रुग्ण आढळले. वृद्धांचे प्रमाण मोठे असलेल्या समाजाचा आकडा मराठवाड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरे. तथापि, शोधले म्हणजे रुग्ण सापडतात, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

डोपामिन केवळ हातापायांच्या हालचाली सांभाळीत नाही. इच्छा, उत्साह आणि सुखाची ओढ यांच्याशीही त्याचा निकट संबंध आहे. शिवाय या रोगात स्वायत्त मज्जासंस्थाही बिघडते; रक्तदाब, पचन, मूत्राशय आणि जननेंद्रियांचा रक्तपुरवठा हे सर्व तिच्याच नियंत्रणाखाली असते. त्यामुळे पुरुष रुग्णांत ताठरता येण्यास वा टिकण्यास अडचण येणे, स्त्री रुग्णांत कोरडेपणा, वेदना आणि तृप्तीचा अभाव, व दोघांतही इच्छा मंदावणे, हे या रोगाचेच भाग आहेत. त्यात नैराश्याची भर पडते; आणि कंपवातातील नैराश्य हे केवळ दुःखातून आलेले नसून पुष्कळदा रोगाच्याच प्रक्रियेतून उद्भवते. त्यावरील काही औषधेही इच्छा मंदावतात. अशा वेळी रुग्णाला ‘मन खंबीर करा’ असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाला चालण्याचा उपदेश करण्यासारखे आहे.

माजघर आणि ओसरी

पाठ्यपुस्तकातील ही लक्षणे घरात कशी उतरतात, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. वसमतच्या एखाद्या हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याला पंचावन्नाव्या वर्षी हा रोग जडला असे समजा. रात्री त्याला अंथरुणात कूस बदलता येत नाही. लघवीसाठी तो तीनतीनदा उठतो. कित्येक रुग्णांना झोपेत स्वप्नाबरोबर हात झाडण्याची, ओरडण्याची विकृती जडते. शेजारी झोपलेल्या बायकोला मार बसतो. मग एक दिवस तिचे अंथरूण माजघरात जाते आणि त्याची खाट ओसरीवर येते. घरातील कोणीही याची दखल घेत नाही, कारण सुना आल्या, नातवंडे झाली म्हणजे थोरल्यांनी वेगळे झोपावे, अशी आपल्याकडे रीतच आहे. एका रोगाने घडवून आणलेला विरह अशा प्रकारे रूढीच्या खाती जमा होतो.

याहून सूक्ष्म, पण अधिक बोचरी गोष्ट चेहऱ्याची आहे. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. हसू उमटत नाही, डोळ्यांची पापणी कमी लवते, आवाज खोल आणि एकसुरी होतो. रुग्णाच्या मनात माया असते, पण ती चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. तीस वर्षे ज्याच्या चेहऱ्यावरून घरातील हवा ओळखली, तो चेहरा मुका झाल्यावर पत्नीने काय समजावे? ‘यांना आता माझी गरज उरली नाही’, असाच अर्थ ती लावते. हे रोगाचे लक्षण आहे असे तिला एका वाक्यात कोणी सांगितले असते, तर तिच्या मनावरचे केवढे ओझे उतरले असते! पण ते वाक्य सांगण्याचे काम कोणाचेच नसते.

रुग्ण स्त्री असेल तर मौन दुहेरी होते. पुरुषाची तक्रार निदान ‘कमजोरी’ या शब्दाने तरी व्यक्त होते; स्त्रीच्या तक्रारीला तेवढाही शब्द उपलब्ध नाही. शिवाय हा रोग केवळ म्हाताऱ्यांचा नाही. रुग्णांपैकी काहींना तो पन्नाशीच्या आत, क्वचित चाळिशीच्याही आत जडतो. अशा रुग्णांचे संसार भरात असतात, मुले शाळेत असतात. त्यांच्या बाबतीत ‘आता या वयात काय करायचे आहे’, हा आपला ठेवणीतला युक्तिवादही लागू पडत नाही.

‘म्हातारचळ’ या शब्दामागे

आतापर्यंत उणिवेचा विचार झाला. या रोगाची दुसरी बाजू अतिरेकाची आहे, आणि सामाजिक दृष्ट्या तीच अधिक स्फोटक आहे. कंपवातावर लेव्होडोपा हे मुख्य औषध गेली पन्नासहून अधिक वर्षे वापरले जात आहे. त्याच्या जोडीला वा त्याच्याऐवजी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी, मेंदूत डोपामिनचे काम करणारी औषधे दिली जातात. ती उपयुक्त आहेत. परंतु काही रुग्णांत त्यांच्यामुळे संयमाचा लगाम सुटतो. कोणी जुगाराच्या नादी लागतो, कोणी अनावर खरेदी करतो, कोणी खातच सुटतो, तर कोणाची कामवासना बेफाम होते. अमेरिका आणि कॅनडातील ४६ केंद्रांवर ३,०९० रुग्णांची पाहणी करण्यात आली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत १३.६ टक्के रुग्णांत असा एखादा तरी विकार आढळला. या वर्गातील औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. अनावर कामवासनेचे रुग्ण ३.५ टक्के होते. फ्रान्समधील एका गृहस्थाने अशाच औषधामुळे आपण जुगार व कामविकृती यांच्या आहारी जाऊन उद्ध्वस्त झालो, अशी तक्रार औषध कंपनीविरुद्ध केली. २०१२ साली रेन येथील अपील न्यायालयाने त्याला सुमारे दोन लाख युरोंची भरपाई मंजूर केली.

आता हीच घटना सेनगावच्या एखाद्या वाडीवर घडली, तर तिचे काय होईल? जन्मभर नाकासमोर चाललेला, वारीला जाणारा, भजनात टाळ धरणारा माणूस एकाएकी बायकोच्या मागे लागतो. तिने नकार दिला तर संतापतो, तिच्यावर संशय घेतो. कधी घरातील लेकीसुनांशी अचकट बोलतो. अशा वेळी आपल्या भाषेत एक शब्द तयारच असतो: म्हातारचळ. हा शब्द उच्चारला की चौकशी संपते. बायको लाजेने गप्प बसते, मुलगा बापाशी बोलणे टाकतो, सून माहेरी जाते, आणि ज्या गोळीने हे सारे घडविले ती मात्र सकाळ-संध्याकाळ नियमाने दिली जाते. वैद्यकाला ज्ञात असलेला, औषधाची मात्रा बेताने कमी केल्यास बहुधा आटोक्यात येणारा हा परिणाम. त्याला चारित्र्याचा डाग मानून एका माणसाची आयुष्यभराची अब्रू धुळीस मिळविली जाते.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. गोळीचा संशय आला म्हणून घरच्यांनी ती परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे. कंपवाताची औषधे अचानक थांबविली तर रुग्ण लाकडासारखा ताठरू शकतो, ताप चढतो, प्रसंगी जिवावर बेतते. मात्रा बदलण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. पण डॉक्टरांना बदल करता यावा यासाठी आधी त्यांच्या कानावर गोष्ट गेली पाहिजे. बायको ती आपण होऊन सांगणार नाही; म्हणून डॉक्टरांनीच ती विचारली पाहिजे.

खाजकुयलीची दोन टोके

मौनाची पोकळी रिकामी राहत नाही. जेथे डॉक्टर विचारीत नाही आणि रुग्ण सांगत नाही, तेथे भिंतीवरच्या जाहिराती बोलू लागतात. एस. टी. स्थानकाच्या आवारात, आठवडी बाजारात, रस्त्याकडेच्या तंबूत ‘गुप्तरोगा’वर हमखास इलाज विकणाऱ्यांची कमी नाही. वस्तुतः १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अशा जाहिरातींना स्पष्ट मनाई करतो. त्याच्या अनुसूचीत लैंगिक दुर्बलता आणि मज्जासंस्थेचे विकार ही दोन्ही नावे आहेत. म्हणजे कंपवाताच्या रुग्णाला या दोन्ही बाजूंनी संरक्षण आहे. फक्त ते कागदावर आहे.

या व्यापारात एक विलक्षण योग दडलेला आहे. बांधाकुंपणांवर चढणारी आणि अंगाला लागताच आग करणारी खाजकुयली सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे बी, म्हणजे कवचबीज, आयुर्वेदात वाजीकर म्हणून प्रसिद्ध आहे. कंपवातावरही ते वापरले गेले आहे. १९३७ साली मद्रास येथील संशोधकांनी या बियांतून जे द्रव्य वेगळे काढले, तेच लेव्होडोपा. पुढे १९६१ साली व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांवर लेव्होडोपाचा यशस्वी प्रयोग झाला, आणि १९७८ साली मुंबईच्या वैद्यक संशोधकांनी कवचबीजाच्याच चूर्णाची कंपवातावर पद्धतशीर चाचणी घेतल्याचे प्रसिद्ध झाले. परंपरेचा हा अभिमानास्पद वारसा आहे, यात शंका नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लेव्होडोपाच्या गोळ्या घेणारा रुग्ण जेव्हा चोरून ‘शक्तिवर्धक’ चूर्ण घेतो, तेव्हा तो तेच औषध दुसऱ्यांदा, आणि तेही अज्ञात प्रमाणात घेत असण्याचा संभव असतो. मग अंग वेडेवाकडे हलू लागते, भास होतात, रक्तदाब उतरतो. आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात, कारण चूर्णाची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या उत्तेजक गोळ्यांचीही तीच कथा. कंपवातात उभे राहताच रक्तदाब उतरण्याची प्रवृत्ती असते. त्यात सिल्डेनाफिलसारखी गोळी पडली तर चक्कर येऊन माणूस कोसळतो, आणि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकते. हीच गोळी योग्य तपासणीनंतर उपयोगी पडते. गुप्ततेमुळे ती घातक ठरते.

हिशेबात न येणारा खर्च

मौनाचा हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. भोंदू वैद्याला दिलेले पैसे कोणी कोठे नोंदवीत नाही. मुख्य भार पडतो तो तर पैशात मोजलाच जात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवितात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे आहे. कंपवाताच्या रुग्णाची पत्नी या कष्टांवर त्याला उठविणे, नहाणे, घास भरविणे, गोळ्यांच्या वेळा पाळणे यांची भर घालते. दिवसा ती परिचारिका असते. रात्री तिने पुन्हा पत्नी व्हावे अशी अपेक्षा असते, किंवा ती पत्नी उरलीच नाही असे गृहीत धरले जाते. दोन्ही निर्णयांत तिला विचारले जात नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत तिच्या श्रमांना स्थान नाही, आणि तिच्या दुःखाला तर रुग्णालयाच्या नोंदवहीतही रकाना नाही.

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे. ज्या जिल्ह्यात मज्जाविकारतज्ज्ञ गाठण्यासाठी पुष्कळदा दूरच्या शहराचा प्रवास करावा लागतो, तेथे कामजीवनाची चर्चा ही चैन नव्हे काय? आधी औषध मिळू द्या, मग या गोष्टी पाहू, असे कोणी म्हणेल. प्राधान्यक्रमाचा हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. परंतु येथे मागणी यंत्रसामग्रीची नाही. लेव्होडोपा-कार्बिडोपा हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेच. ते देताना ‘झोप कशी लागते, नवरा-बायकोच्या संबंधात काही अडचण आहे का, औषध सुरू झाल्यापासून स्वभावात काही बदल वाटतो का’, एवढे तीन प्रश्न विचारण्यास किती खर्च येईल? उलट ते न विचारल्यामुळे औषध लपविले जाते, बंद केले जाते, वा त्यावर दुसरेच काही घेतले जाते. आणि मूळ उपचारावर झालेला खर्चही वाया जातो.

परंपरा मौनाचीच नव्हे

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दंड चुकला नाही. पण रुग्णाने विचारलेला प्रश्न अश्लील नसतो, हे तत्त्व मराठी भूमीवर तेव्हाच मांडले गेले. शासनाचेही या बाबतीत वावडे कधी नव्हते. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण खेडोपाडी भिंतींवर रंगविला गेला, निरोधचा प्रचार आकाशवाणीवरून झाला. म्हणजे शासनाला शयनगृहाविषयी बोलता येते. मात्र ते बोलले ते जन्मदर रोखण्यासाठी. ज्यांच्यापासून लोकसंख्येला धोका नाही अशा आजारी व वयस्कांच्या सहजीवनाविषयी ते गप्प राहिले.

वास्तविक कायदा आता गप्प नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत पार्किन्सनच्या आजाराचा समावेश आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २५ नुसार शासन व स्थानिक प्राधिकरणांनी दिव्यांगांच्या आरोग्यासाठी जे उपाय योजावयाचे आहेत, त्यांत लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेचा, विशेषतः दिव्यांग स्त्रियांसाठी, स्पष्ट उल्लेख आहे. अर्थात हा दयेचा वा धाडसाचा विषय राहिलेला नसून कर्तव्याचा झाला आहे. ते कर्तव्य मंत्रालयाप्रमाणेच हिंगोलीच्या जिल्हा परिषदेचेही आहे.

हे कर्तव्य पार पाडण्यास फार मोठी योजना नको. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या कंपवाताच्या रुग्णाला, आणि स्वतंत्रपणे त्याच्या जोडीदाराला, पाच मिनिटांचे समुपदेशन मिळावे. आशा सेविका व समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या प्रशिक्षणात म्हातारचळ आणि औषधाचा परिणाम यांतील फरक शिकविला जावा. औषधाचा अंमल असतो ती वेळ निवडणे, नैराश्यावर उपचार करणे, कोरडेपणावर साधे वंगण वापरणे, आणि संभोगापलीकडेही स्पर्शाला व सोबतीला अर्थ असतो हे समजावणे, एवढ्याने अनेक जोडप्यांचे जीवन सुसह्य होते. या गोष्टी सांगणारी चार पानांची मराठी पुस्तिका छापणे अवघड नाही. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन रुग्णांची संस्था यांनी रुग्ण व नातलगांना एकत्र आणण्याची पद्धत घालून दिली आहे. वसमत वा कळमनुरीला तशी महिन्याची एक बैठक सुरू करता येईल. आणि नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना नाडी व रक्तदाब पाहण्याबरोबर हा अवघड प्रश्न सभ्यपणे विचारावयास शिकवावे.

रोग बरा होणार नाही. आज तरी त्यावर समूळ इलाज नाही. पण रोगाने येणारे दुःख आणि समाजाने त्यावर लादलेले दुःख यांत भेद आहे, आणि दुसऱ्याची जबाबदारी निसर्गावर टाकता येत नाही. ओसरीवरची खाट आणि माजघरातले अंथरूण यांच्यामधील अंतर काही पावलांचेच असते. ते अंतर पुन्हा ओलांडावयाचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवावे. मात्र अज्ञानामुळे ते त्यांच्यासाठी आधीच ठरून जाऊ नये.